आक्का आणि विलायती कल्हई

आक्का कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पाण्याचा तांब्या उचलून त्याचं बूड बघत. नुसतं बघत नसत, अंगठ्याने घासून बघत. अंगठा काळा झाला तर तो त्या घरच्या बाईसमोर धरत, अवाक्षर बोलत नसत, आणि मग बसून खुशाल गप्पा मारत. बडोद्यात वाडीतल्या आमच्या गल्लीत त्यामुळे एक रीतच पडली होती. आक्का कोपऱ्यावर दिसल्या की पहिल्या घरची बाई दुसरीला हाक मारी, दुसरी तिसरीला, आणि आक्का दारात पोचेपर्यंत घरोघरचे तांबे आत गेलेले असत. पाणी पेल्यातून येई. आक्का पेल्याचंही बूड बघत.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या, त्या कायमच्या. माझ्या सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घर आक्कांच्या हातात होतं. अंगाने काठीसारख्या, आवाजाने तोफेसारख्या. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले, त्या दिवशी त्यांनी माझ्या चेहऱ्याआधी माझ्या माहेरची भांडी पाहिली. एक घागर उजेडात धरली, तिच्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "चोख्खी आहे. सून चालेल."

'चोख्खं' हा त्यांचा लाडका शब्द. बडोद्याच्या मराठीत असे गुजराती शब्द घरच्यासारखे वावरतात, पण मी नवी होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला "सूनबाई, बारी बंद कर" असं फर्मावलं, आणि मी कसली बारी, कोणाची बारी, म्हणून मधोमध उभी. शेवटी त्यांनीच उठून खिडकी लावली आणि मामंजींना सांगितलं, "बाळू, पोरगी चांगली आहे, पण हिला मराठी शिकवायला लागणार." बाळू म्हणजे माझे सासरे. दरबारच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर, भरघोस मिशा, हाताखाली दोनशे माणसं. घरात मात्र ते बाळू होते.

घासलेल्या भांड्याची आक्कांची परीक्षा एकच होती. भांडं तोंडासमोर धरायचं आणि विचारायचं, "तोंड दिसतंय का?" दिसलं नाही की भांडं परत राखेत. त्यांच्या खोलीत आरसा नव्हता, तेव्हा विधवा बाईच्या खोलीत तो नसेच. त्यामुळे मला पुष्कळ दिवस वाटे, की ही बाई घासते ती स्वच्छतेसाठी की आणखी कशासाठी. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मग मामंजींनी मोटार घेतली. थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीतली ती शेवटशेवटची वर्षं. रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या होत्या, पण आमच्या गल्लीतली ही पहिलीच. आमचे पणजसासरे शिलेदार, त्यांच्या घोड्यांसाठी घरापुढे मोठं अंगण राखलेलं होतं, तिथे ती येऊन उभी राहिली. रंग पिकल्या जांभळासारखा. पण बघणाऱ्यांचे डोळे जात ते चाकांकडे. चाकांच्या तारा आणि मधल्या वाटोळ्या टोप्या क्रोमच्या होत्या, उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आक्कांनी मला ओवाळायला सांगितलं आणि स्वतः मागे उभं राहून सूचना दिल्या. ओवाळणं झाल्यावर त्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. "बाळू, हे काय आहे?"

"क्रोम आहे, आक्का."

"म्हणजे काय?"

"लोखंडावर दिलेला मुलामा. त्याने गंज चढत नाही."

"म्हणजे कल्हई."

"कल्हई नव्हे. तिची रीत वेगळी असते, त्यात वीज..."

"विलायती कल्हई," आक्का म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा मिटला. मग त्या टोपीत डोकावल्या. टोपी फुगीर असल्यामुळे त्यांचा चेहरा तीत चांगला कलिंगडाएवढा दिसत होता. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. उठल्या तेव्हा मला म्हणाल्या, "ह्यात मी अंगाने भरलेली दिसते." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मोटारीबरोबर ड्रायव्हर आले, इब्राहिमभाई. मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा कोट, आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याने पान लावून खावं. आधी कुठल्याशा संस्थानिक ठाकोरांची मोटार चालवलेली, त्यामुळे मान ताठ. गाडीचं अंग ते मऊ कातड्याने असं पुसत की जणू तान्हं मूल आहे. चाकांवर मात्र लांबून बादलीभर पाणी फेकत आणि जुन्या चिंधीने दोन हात मारून मोकळे होत. आक्का ओसरीच्या खांबाआडून हे रोज पाहत.

"इब्राहिम," एके दिवशी त्यांनी तोंड उघडलं, "अंघोळ घातली आणि पाय तसेच ठेवले. हे काय?"

"आक्काबा, चाक तो रस्त्यावरच जाणार."

"पाय पण रस्त्यावरच जातात. मी घासू?"

इब्राहिमभाईंनी शांतपणे चिंधी पिळली. "आक्काबा, ए गाडी छे, तपेली नथी. चाकाला हाथ नहीं लगाडवानो."

आक्कांना कोणी कशाला हात लावू नको असं म्हटल्याचं ते घरातलं पहिलं उदाहरण. त्या आत गेल्या आणि दिवसभर भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी पुन्हा.

शुक्रवारी इब्राहिमभाई नमाजाला गेले. त्यांची पाठ कोपऱ्यावरून दिसेनाशी होते न होते, तोच आक्का चिंच, मीठ, चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेऊन अंगणात. मला म्हणाल्या, "सूनबाई, तू पाणी घाल. बोलू नकोस." मी पाणी घातलं आणि बोलले नाही, म्हणजे गुन्ह्यात निम्मी मीही. डाव्या अंगाचं पुढचं चाक त्यांनी असं घासलं की पितळेची समई असती तर तिने हात जोडले असते. पाणी ओतून पाहिलं तर टोपीवर मांजराने नखं ओढावीत तसे ओरखडे, आणि चमक गेलेली. आक्का डोकावल्या. ओरखड्यांतून काहीच दिसेना.

"सुकलं की येईल चमक," त्या म्हणाल्या. सुकलं, चमक आली नाही. दोन दिवसांनी उलट तारांच्या सांध्यांत, जिथे चिंचेचं पाणी मुरलं होतं, तिथे तांबूस ठिपके आले. हे दोन दिवस आक्का जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. इब्राहिमभाईंनी चाक पाहिलं, आक्कांच्या खांबाकडे पाहिलं आणि मामंजींना दिसू नये म्हणून गाडी त्या अंगाने भिंतीशी लावून ठेवली.

इथे थांबल्या असत्या तर त्या आक्का कसल्या. कल्हई गेली तर कल्हईवाला बोलवायचा, हे त्यांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. इब्राहिमभाई मामंजींचा डबा पोचवायला कचेरीत चालत गेलेले पाहून त्यांनी गल्लीतून जाणाऱ्या कल्हईवाल्याला आत घेतलं. त्या बिचाऱ्याने चाक दोनदा वाकून पाहिलं. "बा, आ तो मोटर छे," म्हणाला.

"मोटर आहे ते मलाही दिसतंय. कल्हई तीच. लाव भट्टी."

त्याने खड्डा केला, कोळसे घातले, भाता जोडला, नवसागराची पुडी सोडली. चाक काढायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून भट्टी चाकाखालीच पेटवली. मी म्हटलं, "आक्का, रबर." त्या म्हणाल्या, "रबराला कल्हई लावायची नाही, मला कळतं." तेवढ्यात असा काही वास सुटला की शेजारच्या घराच्या बाऱ्या, म्हणजे खिडक्या, धडाधड बंद झाल्या. इब्राहिमभाई अंगणात शिरले ते ह्या वासाच्या मागोमाग. त्यांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. ओसरीवर हाताशी होतं ते ताकाचं भांडं, तेच त्यांनी भट्टीवर ओतलं. कल्हईवाला भाता तिथेच टाकून पळाला. धूर निवळला तेव्हा टायरला हातभर काळा डाग, चाकावर ताक, आणि आक्का ओसरीच्या पायरीवर बसलेल्या.

"हवे शुं?" इब्राहिमभाई म्हणाले. आता काय, एवढंच.

संध्याकाळी मामंजी आले. गाडीला वळसा घालून ते चाकापाशी थांबले आणि त्यांच्या मिशा हलायच्या बंद झाल्या. त्यांचा राग फार थंड असे. "इब्राहिम, गाडी तुमच्या ताब्यात होती ना?"

"जी साहेब."

"मग हे कसं झालं?"

इब्राहिमभाई खाली बघत उभे राहिले. मी दाराआड होते. त्यांनी एक शब्द सांगितला असता तर सुटले असते.

"उद्यापासून येऊ नका," मामंजी म्हणाले.

तेव्हा आक्का बाहेर आल्या. इब्राहिमभाई अंगणात असताना त्या एरवी ओसरीच्या खाली उतरत नसत, त्या उतरून भावासमोर उभ्या राहिल्या. "बाळू, चाक मी घासलं. चिंचेने. भट्टी पण मी लावली. त्याने ती विझवली. त्याला कशाला काढतोस? काढायचं तर मला काढ."

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुला कुठे काढू, आक्का?"

हे ते रागाने बोलले नाहीत, पण ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे ते फार वाईट ऐकू आलं. आक्कांना जायला दुसरी जागा नव्हती. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. मग म्हणाल्या, "ते तू बघ. पण ह्या माणसाने माझं नाव घेतलं नाही. ह्याला काढलंस तर मी ह्या घरातलं एक भांडं घासणार नाही."

मामंजींना आयुष्यात एवढी मोठी धमकी कोणी दिली नसावी. ते खुर्चीत बसले, रुमालाने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "ताक," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते बिघडलेलं चाक मागे स्टेपनीच्या जागी गेलं, आणि त्याच्यासाठी आक्कांनी दोन दिवसांत झालरीची कापडी खोळ शिवली. बडोद्यात झालर लावलेली स्टेपनी आमचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिमभाई कामावर आले. त्यांनी एक पाट चाकाशी ठेवला, एक बादली ठेवली आणि खांबाकडे बघून म्हणाले, "आवो आक्काबा. शीखो."

त्या दिवसापासून दोघांची शाळा सुरू झाली. गुरू कोण आणि शिष्य कोण हे आठवड्याभरात कळेनासं झालं. गाडी फिरून आली की चाकं गरम असताना पाणी घालायचं नाही, डाग राहतात, हे इब्राहिमभाईंनी शिकवलं. आधी नुसतं पाणी सोडून रेती वाहून जाऊ द्यायची, मग फडकं, नाहीतर रेतीच ओरखडे काढते, हेही त्यांचंच. राखेच्या जागी रिठ्याचं पाणी आक्कांनी आणलं. तारांच्या बारीक सांध्यांसाठी दातणाचं टोक चावून मऊ कुंचली करायची, ही युक्तीही त्यांचीच, आणि ती चावायचं काम माझं. कडुनिंबाची दातणं चावून चावून माझ्या तोंडाची चव महिनाभर गेली होती. शेवटी कोरडं फडकं. "ओलं ठेवलंस की गेलं," आक्का म्हणत. "माणूस काय, चाक काय, अंघोळीनंतर पुसायला पाहिजे."

पण पुसून त्यांचं समाधान होईना. तव्याला आपण तेलाचा हात लावून ठेवतो, तसं चाकाला काहीतरी हवं. तेल लावून पाहिलं तर रस्त्यावरची सगळी धूळ चिकटली. तेव्हा त्यांनी ठरवलं, की हलकं तेल लावल्यामुळे असं झालं, चांगली वस्तू लावली पाहिजे. नेमकं त्या दिवशी मामंजींना एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर चहाचं बोलावणं होतं. आक्कांनी घरी कढवलेलं साजूक तूप चारी चाकांना चोळलं. इब्राहिमभाईंनी वास घेतला, दाढी खाजवली, पण ज्या बाईने आपली नोकरी वाचवली तिला नाही कसं म्हणावं, म्हणून गाडी काढली.

पुढचं त्यांनीच आल्यावर सांगितलं. मांडवीच्या बाजारात कापसाची बैलगाडी आडवी आली आणि मोटार थांबली. एक कुत्रा आला, त्याने पुढचं चाक चाटून पाहिलं. त्याला ते पटलं. त्याने बहुतेक बोलावणं केलं असावं, कारण बैलगाडी बाजूला होईपर्यंत प्रत्येक चाकाला दोन दोन कुत्री लागली होती. गाडी सुटली तशी तीही मागे सुटली. मामंजी पगडी घालून ताठ बसले होते, आणि ही मिरवणूक आपली नव्हेच असा चेहरा करून समोर बघत होते. बंगल्याच्या फाटकातून मोटार आत गेली, कुत्रीही आत गेली. यजमानांची मडमेसारखे केस विंचरलेली लठ्ठ कुत्री पायरीवर झोपली होती, ती उठून त्यांच्यात सामील झाली. यजमानीणबाईंनी विचारलं, "आपण एवढी कुत्री पाळता?"

"नाही," मामंजी म्हणाले, "ती आपणहून आली आहेत."

घरी आल्यावर त्यांनी पगडी उतरवली. "आक्का, चाकांना काय लावलं होतंस?"

"साजूक तूप."

मामंजींनी पगडी खुंटीवर ठेवली. आक्का अंगणात गेल्या, चाकापाशी बसल्या. कुत्र्यांनी ते तूप तारा-तारांतून इतकं मन लावून चाटलं होतं, की तसं आमच्यापैकी कोणालाच कधी जमलं नसतं. आतून आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला. "बाळू, काही म्हण, तोंड दिसतंय."

खरा उपाय सापडला तो मोच्याकडे. वहाणेला टाका घालायला त्या मांडवीत गेल्या होत्या, तिथे मोची दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढत होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, पाणी लागू नये म्हणून. आक्का वहाण तिथेच विसरून मेण घेऊन घरी आल्या. तिळाच्या तेलात मेण वितळवून त्यांनी मलम केलं, मी ढवळलं. अगदी पातळ हात द्यायचा, धुरकट दिसेपर्यंत थांबायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्याने चोळत राहायचं. दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंनी बादली ओतली तर पाणी चाकावर थांबेचना, घरंगळून खाली. इब्राहिमभाईंनी कोट काढून खांबाला अडकवला आणि पुन्हा एक बादली ओतली, नुसती बघायला.

ही बातमी मोटारवाल्यांत पसरली. सरदारांच्या, डॉक्टरांच्या मोटारींचे ड्रायव्हर रविवारी सकाळी आमच्या अंगणात येऊ लागले. आक्का ओसरीवर पाट टाकून बसत आणि एकेक चाक तपासत. कोणी म्हणालं, बा, वेळ मिळत नाही, की त्या विचारत, "गाडी हाकायला मिळतो ना? मग थांबायला पण मिळेल." एका सरदारांच्या मिशाळ ड्रायव्हरला त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी तो टोपीत स्वतःचा चेहरा बघून म्हणाला, "दिसे छे, बा." आक्का म्हणाल्या, "मिशीत भात आहे. तोही दिसला पाहिजे." ज्या बाईला गल्लीबाहेर कोणी नावाने ओळखत नव्हतं, तिला आता मोटारीत बसलेली माणसं रस्त्यात थांबून नमस्कार करत. मामंजी हे बघत आणि मिशीत हसत. 'तुला कुठे काढू' हे वाक्य त्यांना लागून राहिलं असावं, कारण त्यानंतर कुठलाही निर्णय ते आक्कांना विचारल्याशिवाय घेत नसत.

मामंजी निवृत्त झाले तेव्हा मोटार विकायचं ठरलं. मांडवीतले एक कापडवाले शेठ घेणार होते. आदल्या दिवशी आक्का इब्राहिमभाईंना म्हणाल्या, "मला एकदा बसायचं आहे."

एवढ्या वर्षांत त्या गाडीत बसल्या नव्हत्या, हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी विचारलं, कुठे जायचं, देवळात का?

"देवळात कशाला? जिथे कोणी ओळखीचं नाही तिथे. मला भोंगा वाजवायचा आहे."

आम्ही गोत्रीच्या वाटेला लागलो. तेव्हा ते खेडं होतं, दोन्ही बाजूंना शेतं, मधे बैलगाड्यांचा रस्ता. आदल्या दिवशी पाऊस झालेला, सगळा चिखल. आक्का पुढे इब्राहिमभाईंच्या शेजारी, मी मागे. पहिल्यांदा त्यांनी रबराचा फुगा हळूच दाबला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग ज्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. झाडांना वाजवला, बगळ्यांना वाजवला, एका रिकाम्या विहिरीला वाजवला. वाटेत एक म्हैस आडवी बसली होती. इब्राहिमभाई म्हणाले, "आक्काबा, हिला रहने दो, ही कोणाचं ऐकत नाही." आक्का पुढे वाकल्या आणि दोन्ही हातांनी भोंगा पिळला. म्हैस उठली.

घरी आलो तेव्हा चाकं ओळखू येत नव्हती. इब्राहिमभाई पाणी आणायला निघाले. आक्का म्हणाल्या, "आज नको. मी दमले." सकाळी शेठ आले आणि चाकांकडे बघून जरा थबकले, कारण ह्या चाकांची ख्याती त्यांच्या कानावर होती. आक्का ओसरीवरून म्हणाल्या, "मळली आहेत. काल आम्ही फिरायला गेलो होतो." आणि त्याहून जास्त खुलासा त्यांनी केला नाही.

दोन वर्षांनी, थंडीत, चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या. इब्राहिमभाई तेव्हा शेठकडे होते. दिवस झाल्यावर ते भेटायला आले, ओसरीच्या पायरीवर बसले. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि आपल्या त्या सावकाश बोलण्यात म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं गाडी हाकली. ठाकोर बसले, साहेब बसले, शेठ बसले. भोंगा सगळ्यांनी वाजवला. म्हैस एकट्या आक्काबांनी उठवली."